कप्तानीणबाईच्या बाह्या

खांदा कॉलनीत एखाद्या बाईच्या अंगावर सालीसारखं बसलेलं ब्लाऊज दिसलं की दुसरीने विचारायचं, "मालूकडचं का?" आणि पहिलीने मान डोलवायची. मालू घरतची ख्याती होती ती फिटिंगची. गळा कोणीही चांगला काढतो, पण मुंढा, बाहीचा जोड, जमायला हात लागतो, असं ती म्हणायची. तिने शिवलेल्या ब्लाऊजच्या काखेत एक चुणी सापडली तर शोधणारीने खुशाल परत आणून द्यावं. असं परत घेऊन कोणी आल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं.

बाह्या तर तिने किती तऱ्हेच्या शिवल्या होत्या. कोपरापर्यंतच्या, जाळीच्या, मोत्यांची लटकनं लावलेल्या, हळदीच्या एका नवरीसाठी तर पाठीवरून खाली पदरासारख्या सोडलेल्या. पण सत्यजीतने मोबाइलवर जी बाही दाखवली ती बघून मालूने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. मग दोन बोटांनी फोटोतल्या बाईचा चेहरा बाजूला सारला आणि बाही तेवढी मोठी केली.

"काकू, असं जमेल?" सत्यजीतने विचारलं. तो पनवेलच्या हौशी नाटक मंडळींचा दिग्दर्शक. दिवसा एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढायचा आणि संध्याकाळी लोकांना रडायला शिकवायचा.

"ही कोन?"

"कप्तानाची बायको. जुन्या काळातली, उरणच्या किल्ल्यावरची पोर्तुगीज."

"एवढा सगला घालून उरणच्या उन्हात बसायची?" मालू म्हणाली. "घामाने जीव गेला असंल बिचारीचा." पण नजर बाहीवरच होती. मरून मखमलीच्या उभ्या पट्ट्या, खांद्याशी नि कोपराशी आवळलेल्या, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांच्या फटीतून आतलं पांढरंशुभ्र मलमल फुगून बाहेर आलेलं. उकडीचा मोदक पात्रातच फुटावा आणि तरी देखणा दिसावा, तसं काहीतरी. मालूच्या बोटांना खाज सुटली.

आता ही कप्तानीण मालूच्या दारात कशी आली, तर तिच्या सुनेमुळे. अंकिता चिरनेरची. कॉलेजात असताना एकांकिका करायची, बक्षिसंही आणायची. लग्न झालं तशी ती बक्षिसं तिने गुपचूप माळ्यावर ठेवली. मालूच्या हे लक्षात आलं होतं, पण सुनेने न बोललेलं आपण कसं बोलायचं म्हणून ती गप्प होती. मग सत्यजीत बोलवायला आला तेव्हा निकेश म्हणाला, "आता कुठे नाटकबिटक." त्यावर मालूने जेवता जेवता मुलाला एवढंच विचारलं, "तुझा क्रिकेट सुटला का रं लगीन झाल्यावर?" निकेशने वरणाची वाटी तोंडाला लावली आणि विषय मिटला.

अंकिताला प्रसंग मिळाला एकच, पण सगळं नाटक त्याच्यावर उभं होतं. उरणच्या किनाऱ्यावरचा किल्ला वेढला गेलाय, आत अन्न नाही, आणि कप्तानाची बायको आपलं तान्हं मूल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून तटावर बसलेल्या कोळणीच्या ओंजळीत देते. बोलायला एक शब्द नाही. फक्त ते दोन हात वर जातात. भाड्याने कपडे देणाऱ्यांकडे शाळेच्या गॅदरिंगमधले चमचम परीचे झगे तेवढे मिळाले. ते बघून सत्यजीतने कपाळाला हात लावला. तेव्हा मालूच पुढे होऊन म्हणाली, "बाह्या मी शिवनार. झगा पन मीच शिवनार."

म्हणाली खरी. आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

मशीनवर बसली की मोबाइलवर कीर्तन लावायचं, ही तिची फार जुनी सवय. मृदुंग नि मशीन एका लयीत चालायची. बुवा चढले की मशीनही चढायची. त्या आठवड्यात शेजारच्या दुकानवाल्याला वाटलं असेल, घरतांकडे दोन-दोन मशीन आणल्या. पट्ट्या कापल्या, कडा मुडपल्या, जरीची बारीक लेस दोन्ही अंगांना लावली. मलमलला चुण्या घालून मोठ्ठी थैली केली, ती पट्ट्यांच्या आत बसवली. मग आली ती खरी मजा: सुईच्या नेढ्याकडच्या टोकाने एकेका फटीतून ते पांढरं हळूहळू बाहेर ओढायचं, सगळे फुगे सारखे येईस्तोवर.

हे काम शुक्रीचं. शुक्री ठाकूरवाडीतून रोज सकाळी यायची, हूक-आय, तुरपाई, लटकनं सगळं तिच्याकडे. हात गोड आणि जीभ तिखट.

"मालूबाय," ती फुगा ओढता ओढता म्हणाली, "चांगला मखमलीचा कापड, त्याच्या चिंध्या कशाला केल्या?"

"चिंध्या नाय गं, पट्ट्या. आतला पांढरा दिसाया पायजे. तवा तशीच रीत होती."

"आमचा लुगडा फाटून आतला दिसला तं लोका तोंड फिरवतात. हिचा दिसला तं फोटो काढून ठेवला." शुक्री हसली. "धा फटी हायेत. पोरगी वाऱ्यात उभी रायली तं उडून जाल."

"उडू दे," मालू म्हणाली. "तेच तर बघायचाय."

गुरुवारी दुपारी झग्याचा वरचा भाग तयार झाला. घागरा वेगळा, तो आधीच शिवून खुंटीला टांगला होता. अंकिताने वरचा भाग अंगात घातला, शुक्रीने पाठीमागची नाडी आवळली, आणि आरशात एक निराळीच बाई उभी राहिली. मान आपोआप उंच झाली. खांदे मागे गेले. एरवी दाराआडून बोलणारी पोरगी आरशातल्या स्वतःकडे अशी बघत होती, जणू किल्ल्याच्या किल्ल्या हिच्याच कमरेला. आणि मुंढा काय बसला होता! काखेत चुणी म्हणून नाही. मालूने चहूबाजूंनी फिरून बघितलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर शिवण होतं ते.

सत्यजीत उशीला कापड गुंडाळून केलेलं बाळ घेऊन आला होता. त्याने वाहवा केली, दोन फोटो काढले आणि बाळ अंकिताच्या हातात दिलं. "एकदा वर घेऊन बघ."

अंकिताने हात उचलले. खांद्यापर्यंत आले आणि तिथे अडले. तिने जोर केला तसा अख्खा वरचा भागच बाह्यांबरोबर वर सरकला, गळा हनुवटीला लागला आणि पोट उघडं पडलं. तिने आणखी थोडा जोर केला. डाव्या काखेत चर्रर्र झालं.

मोबाइलवर बुवा एकटेच तल्लीन होऊन गात होते. शुक्रीने उठून ते बंद केलं.

"आई, थोडं सैल केलं तर?" अंकिताने विचारलं.

मालूने तिथल्या तिथे बाजूच्या टिपा उसवल्या, कापड सोडलं, परत टीप मारली. परत हात वर. आता तर आणखीच वाईट. अंगात सैल झालं म्हणून हाताबरोबर जास्तच वर चढायला लागलं. मालूचा चेहरा उतरला. ब्लाऊज घालून बायका लग्नात मिरवतात, फोटो काढतात, फार तर अक्षता टाकतात. डोक्यावर मूल उचलायला कोणी तिच्याकडे ब्लाऊज शिवलं नव्हतं. आपण कप्तानिणीलाही लग्नाच्या हॉलमध्येच उभं केलं, हे तिला आता कळत होतं.

सत्यजीत भला माणूस. तो आवाज न चढवता म्हणाला, "काकू, स्पर्धेआधीची रंगीत तालीम शनिवारी आहे. तट मला खाली घेता येत नाही, त्याच्यावरून पुढे सैनिक उड्या मारतात. शनिवारी मूल वर गेलं तर ठीक. नाहीतर तो प्रसंग काढावा लागेल, सूत्रधार दोन वाक्यांत सांगेल काय झालं ते."

"चालेल," अंकिता म्हणाली.

ते 'चालेल' मालूच्या काळजात सुईसारखं गेलं. माळ्यावर बक्षिसं ठेवतानाही ही पोरगी मनाशी असंच 'चालेल' म्हणाली असणार. आणि आता तिच्या आड दुसरं कोणी नव्हतं, मालूची स्वतःची शिवण होती.

त्या दिवशी एकादशी. रोडपालीच्या देवळात भगवानबुवांचं कीर्तन होतं, आणि भगवानबुवांचं कीर्तन मालूने कधी चुकवलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "आज नको. बाह्या उसवून बसते."

"बसून काय होणारेय?" अंकिता म्हणाली. "चला, मी पण येते." सुनेने कीर्तनाला येते म्हणायची ही पहिलीच वेळ. मग नाही कसं म्हणायचं?

देऊळ भरलेलं होतं. धुपाचा वास, तुळशीचा वास, नि पुढे पखवाजवाला वाद्याच्या तोंडाला नुकती कणीक थापून बोट मारून बघतोय. टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहिले, बुवांनी वीणा घेतली आणि पहिल्याच गजराला मालूच्या अंगावर काटा आला. हे तिचं नेहमीचंच होतं. संसारात कितीही गुंता असो, टाळ एकत्र वाजले की आतलं काहीतरी सैल व्हायचं. पण आज मन पुन्हा पुन्हा त्या उसवलेल्या काखेशी जात होतं.

भगवानबुवा उंच, काटकुळे, सत्तरी ओलांडलेले, अंगात लांब बाह्यांची सुती बंडी. बोलता बोलता ते थांबले, वीणा शेजारच्याच्या गळ्यात दिली नि समोर बघून म्हणाले, "हात वर करा बघू सगळ्यांनी. देवाला हाक मारायचीय." लोकांनी हात वर केले, कोणी कानापर्यंत, कोणी खांद्यापर्यंत. बुवा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "हे काय? असा अर्धा हात वर केलात तर देवाला वाटेल, कळंबोली नाक्यावरचा हवालदार उभा आहे, थांबा म्हणतोय. येणारा देव तिथंच थांबेल. पूर्ण वर, दोन्ही!" देऊळ हसलं, आणि सगळे हात वर गेले.

मालूनेही नेले. आणि तिच्याच ब्लाऊजने, तिने स्वतः शिवलेल्या, काखेत चुणी नसलेल्या ब्लाऊजने तिला खांद्याशी अडवलं. तिने इकडेतिकडे बघितलं. रांगेतल्या सगळ्या बायका एका हाताने ब्लाऊज खाली ओढत होत्या, आणि त्यातली निम्मी ब्लाऊजं तिच्याच हातची. मग तिने समोर बघितलं.

बुवांचे दोन्ही हात आभाळाला लागलेले. ते नाचत होते, उड्या मारत होते, हात वर-खाली, वर-खाली, आणि अंगातली बंडी जागची हलत नव्हती. तसूभर नाही. मालूने मान वाकडी केली. मग आणखी वाकडी केली. बुवा वळले तशी तीही वळली.

"आई, काय बघताय?" अंकिताने कानात विचारलं.

"देवा मला माफ कर," मालू पुटपुटली. "बुवांच्या काखेत बघत्येय मी."

कीर्तन संपलं, आरती झाली. लोक रांगेने बुवांच्या पाया पडत होते. मालूचा नंबर आला तशी ती वाकली, पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "बुवा, एक मागायचाय."

"मागा की माउली."

"जरा हात वर करता का?"

मागच्या रांगेतल्या माना पुढे आल्या. बुवांनी एकदा मालूकडे, एकदा तिच्या सुनेकडे बघितलं आणि निमूट दोन्ही हात वर केले. मालू त्यांच्या काखेखाली गेली. तिथे, बाही आणि अंग जिथे भेटतात तिथे, एक छोटा चौकोनी तुकडा कोनावर बसवला होता. एक टोक बाहीच्या टिपेत, समोरचं टोक अंगाच्या टिपेत. हात खाली आला की तुकडा घडी होऊन लपायचा, वर गेला की पंख्यासारखा उघडायचा.

"चौबगला," मालू म्हणाली. तिला एकदम सासऱ्यांची बंडी आठवली. मिठागरात फावडं मारताना घालायचे ती. लग्नानंतर तिनेच एकदा दुरुस्त करून दिली होती. मग ब्लाऊजं आली, फिटिंग आलं, आणि चौबगला ध्यानातून गेला तो गेलाच.

"आमच्या आईने शिवायला शिकवलं गावच्या शिंप्याला," बुवा हात वरच ठेवून म्हणाले. "म्हणायची, माझ्या पोराला नाचायचंय, त्याला कापडाने धरून ठेवू नका. आता खाली घेऊ का हात? आशीर्वाद द्यायचाय."

बाहेर पडल्यावर सासू-सून देवळाच्या पायरीवर बसून इतक्या हसल्या, की चपला शोधणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. "आई, तुम्ही बुवांना खरंच हात वर करायला लावलात," अंकिता डोळे पुसत म्हणत होती. मालूला मात्र आता धीर धरवत नव्हता. घरी जाताना सगळी वाट ती हवेत बोटांनी चौकोन काढत होती.

शुक्रवारी उजाडायच्या आत तिने दोन्ही काखा उसवल्या. चार बोटं बाहीकडे, चार बोटं अंगाकडे. मग मखमलीच्या पिशवीत हात घातला तर आत नुसती दोरे सुटलेली कातरणं. सगळं कापड पट्ट्यांत गेलेलं. पनवेलच्या बाजारात त्या मखमलीचा तागा संपलाय, हे तिला ठाऊक होतं. शेवटचा तुकडा तिनेच आणला होता. दुसऱ्या मरूनची छटा वेगळी पडली तर काखेत ठिगळ दिसणार, आणि तेही नेमकं हात वर केल्यावर, सगळ्या प्रेक्षकांसमोर.

शुक्री आली तेव्हा मालू उसवलेली बाही मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसली होती. शुक्रीने डबा ठेवला, सगळं ऐकून घेतलं, बाही उलटीसुलटी केली.

"धा फटींतून पांढरा काढला," ती म्हणाली, "मंग अकरावी फट काखेत पडली तं कोनाचा काय जातंय?"

मालूने तिच्याकडे बघितलं.

"त्या मलमलचाच चौकोन लाव ना. हात वर केला का तिथंबी फुगा येल. लोका बोलतील, रीतच हाय तशी."

"शुक्रे," मालू म्हणाली, "तू कालच का नाय बोलली?"

"काल तू बुवांच्या काखेत होतीस."

मलमल नाजूक, म्हणून दुहेरी केलं, आत अस्तर घातलं. कोपऱ्याकोपऱ्याला आधी कच्चा टाका, मग मशीन, मग शुक्रीची हातशिलाई. चौबगला बसवताना कोपरा एक धागा जरी चुकला तरी तिथूनच फाटतो, म्हणून मालूने कीर्तनसुद्धा बंद ठेवलं होतं. दोघी श्वास रोखून बसल्या होत्या. शेवटचा टाका तोडला आणि अंकिताला हाक मारली. तिने घातलं, हात वर केले, आणि ते गेले. छतावरच्या पंख्याकडे सरळ गेले. अंग जागचं हललं नाही. अंकिता तशीच हात वर करून घरभर फिरली. स्वयंपाकघरात जाऊन वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढून आणला, परत ठेवून आली, परत काढला.

काखेत, हात खाली असताना, आता एक चुणी पडत होती. बारीकशी, पण होती. मालूने ती बघितली आणि बोटाने नुसती सरळ केली.

पण घरातलं घरात. शनिवारी नाट्यगृहात दिवे लागले, तो लाकडी तट उभा राहिला आणि त्याच्यावर कोळीण झालेली समृद्धी पाय सोडून बसली, तेव्हा तट मालूला वाटला होता त्याहून फारच उंच निघाला. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी शुक्री. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, आणि कोणाचा हात जास्त घामेजला आहे ते सांगता आलं नसतं.

अंकिता आली. दिव्याखाली मखमल रक्तासारखी गडद दिसत होती. ती तटापाशी थांबली, बाळ छातीशी धरलं, एकदा मागे बघितलं. मग हात वर निघाले. खांदा आला. शुक्रीची नखं मालूच्या तळव्यात रुतली. खांदा गेला, कान गेले, डोकं खाली राहिलं, टाचा उचलल्या, आणि शेवटच्या टप्प्याला दोन्ही काखांत ते पांढरं मलमल उघडलं. अंधारात कोणीतरी मोठा श्वास घेतला. बाळ तटावरच्या ओंजळीत गेलं. अंकिताचे हात रिकामे झाले तरी खाली येत नव्हते. ती तशीच उभी होती, पांढऱ्या पंखांची, आणि समृद्धी बाळाकडे बघायचं विसरून तिच्याकडेच बघत होती.

"पांडुरंग हरी!" मालूच्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्याने. कीर्तनातली सवय. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण तोवर मागे बसलेल्या प्रकाशयोजनावाल्याने 'हरी' म्हणून साथही दिली होती.

सत्यजीत विंगेतून बाहेर आला. त्याने चष्मा काढला होता. "प्रसंग राहतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "काकू, पण स्पर्धेच्या दिवशी मनातल्या मनात."

"बगते," मालू म्हणाली. "शब्द नाय देत."

तालीम संपली तसा अंकिताने घागरा उतरवला, पण वरचा भाग काढायला ती तयार होईना. "घरी जाईपर्यंत राहू दे ना आई." तर अशी ती बाहेर आली: खाली जीन्स, पायात फ्लोटर, वर कप्तानीण. शुक्री घागऱ्याचं गाठोडं घेऊन मागे, मालू तिच्याही मागे, झग्याला धूळ लागू नये म्हणून हात पसरून.

पनवेलचे रिक्षावाले हाक मारली म्हणून येत नाहीत, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत. खांदा कॉलनी म्हटलं की ते मान फिरवतात. अंकिता रस्त्याच्या कडेला गेली आणि तिने हात वर केला. अर्धा नाही, पूर्ण. जरीची लेस दिव्यात लखलखली, दहाच्या दहा फुगे नि अकरावा हवेत फुलला, आणि करकचून ब्रेक दाबत एकामागे एक तीन रिक्षा तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुठं जायचं मॅडम?" तिघांनी एकदम विचारलं.

"आता हिलाच पाठवू रोज रिक्षा आनाया," शुक्री म्हणाली आणि गाठोड्यासकट पहिल्या रिक्षेत चढून बसली.